मळकट तबकडीची किंमत

१९६२च्या कस्टम्स कायद्यात १२३ क्रमांकाचे एक कलम आहे. चोरट्या आयातीच्या वाजवी संशयावरून माल जप्त झाला, तर तो चोरटा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे तो सापडला त्याच्यावर, असे हे कलम सांगते. हा उलटा भार सगळ्याच मालाला लागू नाही. कलमात नाव घेऊन दोनच गोष्टी लिहिल्या आहेत: सोने व सोन्याच्या वस्तू, आणि घड्याळे. बाकीच्या सरकारने अधिसूचना काढून ठरवायच्या. मनगटावरच्या एवढ्याशा यंत्राला सोन्याच्या पंक्तीला बसवणारा हा मजकूर वाचला की आमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या घड्याळांचा अर्धा इतिहास कळतो.

उरलेला अर्धा घराघरांतल्या कपाटांत आहे. गुहागर, असगोली, पालशेत, वेळणेश्वर, अंजनवेल या गावांतून माणसे मुंबईला गेली, बोटीवर गेली, पुढे आखाती देशांत गेली. त्या काळी परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधने होती. १९६१मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने देशी घड्याळे काढायला सुरुवात केली, ती उत्तम चाललीही. पण ‘फॉरेनचं’ घड्याळ ते फॉरेनचंच. फाव्हर-ल्यूबा ही स्विस पेढी १८६५पासून हिंदुस्थानच्या बाजारात होती, त्यामुळे तिचे नाव आमच्या आजोबांच्या पिढीलाही ठाऊक. ओमेगा, रॅडो मात्र बहुधा कुणाच्या तरी मनगटावरूनच गावात उतरली. रॅडोचे १९६२मध्ये निघालेले डायास्टार तर काचेवर ओरखडा उठत नाही म्हणून लोक एकमेकांना खिळ्याने घासून दाखवत.

ती माणसे आता थकली किंवा गेली. घड्याळे राहिली. मुलगा मोबाइलवर पाहतो की जुने ओमेगा लाखाला विकले जाते, आणि कपाट उघडतो. दुसऱ्या बाजूला पुण्या-मुंबईत कमावू लागलेल्या तरुणाला नवे स्विस घड्याळ परवडत नाही, म्हणून तो वापरलेले शोधतो. अशा दोन्ही बाजूंची माणसे अधूनमधून माझ्याकडे येतात. मी घड्याळजी नाही. तंत्रशाळेतून निवृत्त झालो आणि पंधरा वर्षे जुनी घड्याळे उघडून पाहण्याचा नाद लावून घेतला, इतकेच.

परदेशात वापरलेले घड्याळ घेताना पहिला प्रश्न असतो: खोका आणि कागद आहेत का? मूळ खोका, हमीपत्र, खरेदीची पावती असेल तर भाव चांगलाच वाढतो. आमच्याकडे १९९१पूर्वीच्या घड्याळाला हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. जे मनगटावरून आले त्याचा खोका बंदरावरच टाकून दिलेला असायचा, आणि पावती जपणे तर धोक्याचेच. म्हणून कागद नाहीत एवढ्यावरून कोकणातल्या घड्याळाला खोटे ठरवू नये. मात्र मग साक्ष द्यायला एकच जण उरतो, ते घड्याळ स्वतः. घोटाळा असा की ही साक्षच बहुतेक वेळा कुणीतरी पुसून टाकलेली असते.

जगभरच्या संग्राहकांच्या बोलण्यात ‘मुंबई स्पेशल’ नावाचा एक प्रकार आहे. नाव आपल्या शहराचे असले तरी अभिमान बाळगावा असे त्यात काही नाही. जुनी तबकडी खरवडून पुन्हा रंगवायची, कंपनीचे नाव नव्याने छापायचे, केस पॉलिश करून आरशासारखी करायची, आत दोन-तीन घड्याळांचे भाग जमवून मशीन चालते करायचे आणि ‘जुने स्विस’ म्हणून विकायचे. लबाडीचा हा धंदा नंतर वाढला. त्याचे मूळ साध्या गरजेत आहे. आमच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात चावीजवळचे रबर सुकते, आत दमट हवा शिरते, तबकडीवर डाग पडतात. मालक घड्याळ मुंबईला नेई आणि म्हणे, नव्यासारखे करून द्या. कारागीर करून देई. दोघेही समाधानी. वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नव्हती. चाळीस वर्षांनी विकायला काढल्यावर मात्र त्या नवेपणाचीच किंमत मोजावी लागते.

रंगवलेली तबकडी ओळखायला भिंग आणि थोडा धीर पुरतो. कारखान्यातली छपाई केसासारखी बारीक आणि कडेला धारदार असते. हाताने केलेल्या अक्षरांच्या कडा फुगतात, दोन अक्षरांमधले अंतर चुकते. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. निळा, लाल, झगझगीत हिरवा असा रंग दिसला की त्या मॉडेलची तबकडी कंपनीने कधी त्या रंगात काढली होती का, हे पाहावे.

अंधारात चमकणाऱ्या ठिपक्यांची साक्ष मला सगळ्यांत आवडते, कारण ती भौतिकशास्त्राची आहे. साठच्या दशकापासून नव्वदीच्या अखेरीपर्यंत स्विस घड्याळांत चमकण्यासाठी ट्रिटियम वापरत आणि तबकडीच्या तळाशी ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘टी’ छापत. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे. म्हणजे पन्नास वर्षांत किरणोत्सार जवळपास सोळाव्या हिश्श्यावर येतो, आणि चमकणारे रसायनही थकते. अशी तबकडी रात्रभर हिरवी उजळत असेल, तर ठिपके नंतर भरले आहेत. त्याआधीच्या घड्याळांत रेडियम असे. त्याचे अर्धायुष्य १६०० वर्षे. ठिपका विझलेला दिसला तरी रेडियम आत असतेच. असे घड्याळ घरी उघडून खरवडत बसू नये.

गेल्या वर्षीचा एक व्यवहार सांगतो. पालशेतच्या रस्त्यावरच्या एका वाडीत दोन ओमेगा सीमास्टर विकायची होती. घरधनी बोटीवर होते, दोन वर्षांपूर्वी गेले. घराच्या छपराचे काम निघाले होते. घेणारा माझा भाचा, पुण्यात नोकरीला. एका घड्याळाची तबकडी झळाळती निळी, केस चकचकीत. दुसऱ्याची चहाच्या रंगाची झालेली, चाराच्या आकड्यापाशी डाग, काच धुरकट. वहिनींनी निळे पुढे केले. दुसऱ्याबद्दल म्हणाल्या, “ते मेलं बंदच असतं. हे घेतलंत तर त्याचे काय ते पट्ट्यापुरते द्या.”

मी दोन्हींची मागची झाकणे उघडली. मळकट घड्याळात ५५२ क्रमांकाचे, २४ ज्वेलचे मशीन, ओमेगाची ती ओळखीची तांबूस झळाळी शाबूत, आणि त्यावर कोरलेला क्रमांक २४ दशलक्षांच्या घरातला, म्हणजे साधारण १९६६च्या आसपासचा. तबकडी मूळची, काटे मूळचे, पट्टा अडकवायच्या कानांच्या कडा अजून धारदार. निळ्यात मशीन ओमेगाचेच होते, पण स्वतः चावी देणारा वरचा फिरता तुकडा वेगळ्या रंगाचा, म्हणजे दुसऱ्या कुठल्या मशीनचा. केसचे कान पॉलिशने गोल झालेले. आणि तबकडीवरची अक्षरे भिंगाखाली पाहवत नव्हती.

भाचा गप्प होता. त्याला मळकट घड्याळाची लायकी कळली होती, हे मला दिसत होते, आणि भाव अजून ठरायचा होता. मी वहिनींना सरळ सांगितले की किंमत आहे ती या मळक्याला. मग आम्ही हिशेब केला. याच मशीनचे, मूळ तबकडीचे, चालू स्थितीतले घड्याळ त्या वेळी ऐंशी हजारांच्या आसपास जात होते. चिपळूणच्या एका घड्याळजींनी ते पूर्ण खोलून, धुऊन, तेल घालून द्यायचे आणि नवी काच बसवायचे पंधरा हजार सांगितले होते. म्हणून पासष्ट. निळ्याचे सुट्या भागांच्या हिशेबाने वीस आले असते. ते ऐकून वहिनी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “थोरलीच्या लग्नाआधी दादरला देऊन आले होते. मोठ्या हौशीनं नवं करून घेतलं. ते राहू दे मग.”

हिशेबाची पद्धत यातच आली: चांगल्या नगाचा भाव घ्यायचा आणि तिथवर पोचायचा खर्च वजा करायचा. तबकडी रंगवलेली असेल तर मात्र वजाबाकी करून भागत नाही, कारण मूळ तबकडी परत आणता येत नाही. मशीन बिघडलेले चालते, दुरुस्त होते. तरी मोठ्या स्विस कंपन्या बाहेरच्या कारागिरांना सुटे भाग सहजी देत नाहीत, हे भाव करताना लक्षात ठेवावे. घड्याळजीकडे टाइमग्राफर असेल तर त्यावर लावून पाहावे. घड्याळाची टिकटिक ऐकून ते यंत्र दोन आकडे देते: दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, आणि आतले बॅलन्सचे चाक किती अंश झुलते. पूर्ण चावी दिलेले, आडवे ठेवलेले निरोगी घड्याळ २७० ते ३०० अंशांच्या दरम्यान झुलते. दोनशेच्या खाली आले की तेल सुकले समजावे. वेळेबाबत हट्ट नको. नव्या प्रमाणित क्रोनोमीटरलाही दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मुभा असते.

दोन गैरसमज आमच्याकडे फार पक्के आहेत. ‘ज्वेल’ म्हणजे रत्ने, तेव्हा १७पेक्षा २४ ज्वेलचे घड्याळ महाग, हा पहिला. ही कृत्रिम माणके असतात, घर्षण कमी करण्यापुरती. त्यांना सराफाकडे काही मोल नाही. दुसरा गैरसमज सोन्याचा. केसवर ‘२० मायक्रॉन’ असे असेल तर तो मुलामा आहे, मिलिमीटरचा पन्नासावा भाग जाड. स्वित्झर्लंडमध्ये ठसा मारलेल्या खऱ्या १८ कॅरेटच्या केसवर १९९५पर्यंत हेल्व्हेशिया देवीचे मस्तक असे, त्यानंतर सेंट बर्नार्ड कुत्र्याचे. तशी केस वितळवायला देण्याआधी निदान एकदा कुणा जाणकाराला दाखवावी.

गुंतवणूक म्हणून घ्यावे का, असे तरुण मुले विचारतात. मी नको म्हणतो. २०२१-२२मध्ये रोलेक्स, पाटेक फिलिपचे भाव भडकले आणि २०२२च्या उन्हाळ्यापासून उतरले; वर चढलेले अनेक जण तिथेच अडकले. शिवाय स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी झालेला आपला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५पासून अमलात आला. त्यानुसार स्विस घड्याळांवरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे. नवे स्वस्त झाले की चार-पाच वर्षे वापरलेल्याचा भाव खाली ओढला जाईल. पन्नास-साठ वर्षांच्या घड्याळाला त्याची झळ कमी लागेल असे मला वाटते, कारण त्याची बदली नवे घड्याळ करू शकत नाही.

राहिले कागद. पूर्वी नव्हते, म्हणून आजही नकोत असे नाही. पैसे बँकेतून द्यावेत. दोन लाख किंवा अधिक रक्कम एका व्यवहारात रोखीने घ्यायला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहेच. पालशेतच्या घड्याळाची पावती आम्ही साध्या कागदावर लिहिली. त्यात मशीनचा क्रमांक, केसच्या आतला क्रमांक, तबकडी मूळची व डागासकट, काच बदलणार, घड्याळ विकणाऱ्याच्या पतीच्या वापरातले, एवढे आले. वहिनींनी सही केली, मी साक्षीदार म्हणून केली. तबकडी पुसायची नाही, हे घड्याळजींना देण्याच्या चिठ्ठीवर भाच्याने स्वतःच लिहिले.