थंडी, दव आणि ध्वनिक्षेपक

मार्गशीर्ष लागून अंबाजोगाईला योगेश्वरीच्या उत्सवाची लगबग सुरू झाली, की केज तालुक्यातील युसूफ वडगाव आणि आसपासच्या गावांतूनही दत्तजयंतीचे नि हरिनाम सप्ताहांचे मंडप उभे राहू लागतात. आणि या मंडपांत आठवडाभर उघड्या हवेत राबणारे साउंडवाल्याचे जे साहित्य, म्हणजे मशीन (अँप्लिफायर), मिक्सर, माइक, कर्णे आणि स्पीकरच्या पेट्या, त्याच्याविषयी थंडीच्या दिवसांत जितक्या ठाम समजुती कानी पडतात तितक्या भर उन्हाळ्यातही पडत नाहीत. यांतील बऱ्याच समजुती निराधार आहेत, आणि कर्ज काढून साहित्य उभे करणाऱ्या एखाद्या तरुणाचे हंगामाचे उत्पन्न त्यांच्यापायी नाहक बुडू शकते, म्हणून त्यांची छाननी करणे मला अगत्याचे वाटते.

सर्वांच्या मुळाशी असलेली समजूत अशी, की थंडीने मशीन बिघडते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. कडाक्याच्या रात्रीही आपल्याकडे पारा सहसा आठ-दहा अंशांच्या खाली जात नाही. परभणीला तो तीन-चार अंशांवर उतरल्याचे दाखले आहेत, पण तेथेही तो शून्याच्या वरच राहिला. याउलट असली बहुतेक उपकरणे शून्य ते चाळीस अंशांत चालावीत अशाच बेताने घडविलेली असतात. त्यांचा खरा शत्रू उष्णता होय. मशीनच्या वीजपुरवठ्यातील द्रवयुक्त कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी उतरले की ढोबळ मानाने दुप्पट होते. तेव्हा पौषातील रात्र ही मशीनला वैशाखातल्या दुपारपेक्षा कितीतरी सुखाची असते.

मग थंडीत मशीन बिघडतात त्या कशाने? दवाने. रात्री नऊच्या सुमारास हवा वीस अंशांवर आणि आर्द्रता साठ टक्के असेल, तर तीच हवा बारा अंशांपर्यंत निवताच तिच्यातील पाणी सुटू लागते. धनेगावच्या मांजरा धरणाचा शेजार, उसाचे फड आणि रात्रपाळीच्या विजेवर भिजणारा गहू-हरभरा यांमुळे या शिवारात ओलाव्याची वाण नाही. शिवाय उघड्या आकाशाखाली पडलेला धातूचा पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेहूनही थंड होतो, आणि म्हणून मशीनच्या झाकणावर लवकर दव धरते. हे पाणी एकटे असते तर फारसे बिघडले नसते; परंतु मंडपातली धूळ, बुक्का आणि अंगाऱ्याची राख वर्षभर मशीनच्या जाळीतून आत साचलेली असते, आणि ती भिजली की तिचा वीज वाहून नेणारा पातळ थर बनतो. मिक्सरचे फेडर सरकवताना जी खरखर सकाळी ऐकू येते आणि दहा वाजता आपोआप नाहीशी होते, तिचे कारण बहुधा हेच असते.

यापुढची समजूत अधिक घातक आहे: मशीन ओली झाली तर चालू करावी, आतल्या उष्णतेने ती वाळते. वाळते हे खरे, पण वाळण्यापूर्वी त्या ओल्या थरातून जो प्रवाह वाहतो तो नको तेथे पोचलेला असतो. येथे क्रमाला महत्त्व आहे. दव धरण्याआधीपासून चालू असलेली मशीन आपल्याच उबेने कोरडी राहते. दव धरल्यानंतर मात्र ती बंदच ठेवून, बाहेरून पुसून, दोन-तीन तास कोरड्या हवेत राहू द्यावी. अडचण अशी, की ध्वनिप्रदूषण नियम, 2000 अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि शासन वर्षाकाठी जास्तीत जास्त पंधरा दिवस जी सवलत देऊ शकते तीही मध्यरात्रीपर्यंतचीच. म्हणजे मशीन बंद होते, दवाची सारी वेळ ती गार पडून राहते, आणि दव सर्वांत दाट असते अशा वेळी तिचे बटण दाबले जाते. म्हणून रात्री कीर्तन संपताच, मशीन कोमट आणि कोरडी असतानाच, ती पेटीत बंद करण्याची तजवीज हवी.

दमट माइक आणि स्पीकर शेकोटीशी शेकण्याचा उपाय आपल्या गावांत कोठून आला हे सहज कळते. हलगीवाला वाजवण्याआधी हलगी शेकतो, कारण ओलाव्याने सैल पडलेले कातडे आचेने ताणले जाते आणि नाद खणखणीत होतो. तोच दस्तूर कोणीतरी माइकला आणि स्पीकरला लावला. पण स्पीकरचा पडदा कागदाचा, त्याची कड रबराची किंवा फोमची आणि जोड डिंकासारख्या लुकणाचे असतात. एका अंगाने लागलेल्या आचेने ते उकलतात, वाकतात, आणि धुराची काजळी आत जाते ती निराळीच. वादकाचे ज्ञान अस्सल आहे, पण ते कातड्यापुरते आहे.

साठवणीबाबत प्लॅस्टिकवर सर्वांचा भरवसा असतो. प्लॅस्टिक कोरडी वस्तू कोरडी ठेवते, तसेच ओली वस्तू ओलीही ठेवते. थंड टेम्पोतून आणलेली मशीन स्वयंपाकाच्या वाफेने भरलेल्या मंगल कार्यालयात न्यायची असेल, तर बाहेरच ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावी. दव पिशवीच्या बाहेरून धरेल, आणि मशीन उबेला आल्यावर पिशवी काढता येईल. रात्रभर दवात राहिलेल्या पेट्यांवर सकाळी प्लॅस्टिक बांधून ते महिनाभर तसेच ठेवणे मात्र बुरशीला निमंत्रण आहे. पत्र्याच्या गोदामाचाही असाच भ्रम असतो. थंडीच्या पहाटे अशा गोदामात उभे राहून वर पाहावे: पत्र्याच्या आतल्या अंगाला थेंब लोंबकळत असतात आणि ऊन चढू लागले की ते खालच्या जिनसांवर टपटप पडतात. बंद छपराखाली पाऊस नसतो, पण पाणी असते.

बॅटरी फरशीवर ठेवली तर उतरते, ही समजूतही अजून टिकून आहे. आजच्या बॅटरीचे कवच प्लॅस्टिकचे असल्याने फरशीशी तिचा विद्युत्संबंध येत नाही. थंडीत तर पडून राहिलेली बॅटरी अधिक सावकाश उतरते. कामाला लावल्यावर मात्र थंड बॅटरी कमी देते, शून्य अंशाला सुमारे पाचवा हिस्सा कमी. कॉर्डलेस माइकचे सेल पहाटे मेल्यासारखे वाटले तर फेकण्यापूर्वी थोडा वेळ खिशात ठेवून पाहावेत. लडाखसारख्या ठिकाणी, जेथे पारा खरोखर शून्याखाली जातो, तेथे लिथियमच्या बॅटरीला गोठणबिंदूखाली चार्जिंग लावू नये हा नियम काटेकोर पाळावा लागतो, कारण त्याने ती आतून कायमची बिघडते. आपल्याकडे हा प्रसंग येत नाही.

थंडीत आवाज दबतो, म्हणून तो वाढवावा, असेही ऐकतो. कानटोपी आणि मफलर गुंडाळून बसलेल्या श्रोत्याला तसे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात निरभ्र थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेहून गार असते, गार हवेत ध्वनी मंद चालतो आणि वरच्या उबदार थरात वेगाने, आणि त्यामुळे एरवी आकाशाकडे निघून जाणारा आवाज वाकून पुन्हा शिवारावर उतरतो. दोन गावे ओलांडून कीर्तन ऐकू येते ते यामुळेच. म्हणून रात्री आवाज कमी ठेवला तरी चालतो, आणि शेजारच्या वस्तीवरील आजाऱ्याचा विचार करता तो कमीच ठेवावा. गार हवेत ध्वनी मंद चालतो म्हणूनच मोठ्या सप्ताहात, जेथे साठ मीटरवर दुसरी पेटी लावतात, तेथे तिच्या आवाजाला पस्तीस अंशांना सुमारे 170 मिलिसेकंदांचा विलंब जुळवलेला असेल तर दहा अंशांना तो 178 च्या आसपास करावा लागतो.

एक बाब मात्र समजुतीवर सोडता येत नाही. सकाळच्या भजनाला विणेकरी अनवाणी उभा असतो, पायाखालची जमीन दवाने भिजलेली असते, आणि जोडाचा बोर्ड बहुधा त्याच गवतात पडलेला असतो. थंडीत घाम नसतो म्हणून शॉक कमी बसतो, असे मानणाऱ्यांनी हे दृश्य नीट पाहावे. बोर्ड विटांवर उंच ठेवणे, अर्थिंगची तार खरोखर जमिनीत गेली आहे की नाही हे पाहणे आणि 30 मिलिअँपिअरला तुटणारा संरक्षक स्विच मुख्य जोडणीत बसवणे, एवढा बंदोबस्त ज्या मंडपात झालेला नाही, तेथे माइक हातात देऊ नये.