चेकचा कायदा : बीडची शीव आणि जगाची शीव

चार ओळी लिहून खाली सही केली की साधा कागद शेकडो रुपयांचे काम करू लागतो. हे सामर्थ्य कागदाचे नव्हे, त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या कायद्याचे होय. म्हणूनच जेथे कायदा बदलतो, तेथे चेक घेणाराचा हात आखडतो.

बीड जिल्ह्यास अशा सरहद्दीचा अनुभव आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आष्टीहून जामखेडला जाणारा व्यापारी काही कोसांतच इंग्रजी अमलात शिरे. अलीकडे हाली रुपया, पलीकडे कलदार. सात हाली दिले म्हणजे सुमारे सहा कलदार मिळत. हुंडी, चेक व वचनचिठ्ठी यांविषयीचा १८८१ चा कायदा नगर जिल्ह्यात चाले, तो बीडला लागू नव्हता. पुढे १ एप्रिल १९५१ रोजी संसदेच्या कायद्याने तो हैदराबाद राज्यासही लागू झाला, आणि आष्टी व जामखेड एकाच नियमाखाली आली.

दोन्ही मुलखांवर एकच संसद होती, म्हणून हे साधले. स्वतंत्र राष्ट्रांचे तसे नाही. तेथे एकी संमतीनेच व्हावयाची. तिच्यासाठी १९१० व १९१२ साली हेग येथे परिषदा भरल्या. महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने तेच काम हाती घेतले, व १९ मार्च १९३१ रोजी जिनीव्हा येथे चेकविषयी तीन करार झाले. पहिल्याने चेकचा एक समान कायदा ठरविला. दुसऱ्याने दोन देशांच्या कायद्यांत विरोध आल्यास कोणता मानावा हे सांगितले. तिसरा मुद्रांकासंबंधी होता. समान कायद्याप्रमाणे चेक देशातल्या देशात आठ दिवसांत, त्याच खंडातील दुसऱ्या देशात वीस दिवसांत आणि खंडापलीकडे सत्तर दिवसांत बँकेपुढे ठेवावा लागतो. फ्रान्स, जर्मनी, इटली, जपान आदी देशांनी तो स्वीकारला. इंग्लंड व अमेरिका मात्र त्यापासून दूर राहिली; हिंदुस्थानचा १८८१ चा कायदाही इंग्रजी वळणाचाच होता.

हा मतभेद केवळ शब्दांचा नव्हता. समजा, बीडच्या एका आडत्याच्या नावे निघालेला चेक टपालातून चोरीस गेला. चोराने पाठीमागे आडत्याची खोटी सही केली आणि तो चेक एका कापडवाल्यास देऊन माल नेला. कापडवाला निर्दोष, आडत्याही निर्दोष. मग खोट कोणी सोसावी? जिनीव्हाचा कायदा पाहतो की पाठीवरील सह्यांची साखळी वरवर अखंड आहे काय, आणि घेणाराने लबाडी वा घोर निष्काळजीपणा केला आहे काय. तसे नसेल, तर चेक कापडवाल्याचा ठरतो व आडत्या बुडतो. इंग्रजी व भारतीय कायद्याचे म्हणणे असे की, खोट्या सहीने कोणताच हक्क जन्मत नाही. चेक आडत्याचाच राहतो व कापडवाला बुडतो. बँकेने मात्र रीतसर व सद्भावाने पैसे दिले असल्यास भारतीय कायद्याचे ८५ वे कलम तिचे रक्षण करते.

एका पक्षास चेक हातोहात सहज फिरावा असे वाटते, तर दुसऱ्यास मूळ मालकाचा हक्क अढळ राहावा असे वाटते. दोन्ही मते न्यायाचीच असल्यामुळे तडजोड अवघड झाली. १९८८ साली संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय विनिमयपत्रांसाठी नवा करार तयार केला. त्यात चेकचा समावेश नव्हता, आणि तोही पुरेशा राष्ट्रांच्या संमतीअभावी अमलात आला नाही.

भारतीय कायद्याने स्वतःही सगळे एका साच्यात ओतले नाही. देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढी त्याने १८८१ सालीच अबाधित ठेवल्या. जेथे एकी नाही, तेथे सावधगिरी हाच आधार. टपालाने पाठवावयाच्या चेकवर दोन तिरप्या रेघा ओढून त्यांत रक्कम केवळ नावाच्या माणसाच्या खात्यात जमा करावी असे लिहिले, तर चोरास रोख रक्कम उचलता येत नाही. आणि अनोळखी माणसाकडून पाठीवर सही केलेला चेक न घेणाऱ्या दुकानदारावर खोट सोसण्याची पाळी येत नाही.