पडवीतले इंजीन

वीस वर्षे समासांचा विग्रह करण्यात घालवलेल्या माणसाच्या हाती कोणी पाना दिला, तर त्यात दोष देणाराचाच. पण माझ्या मालवणच्या मावसभावाला दुसरा मदतनीस मिळेना. नारळी पौर्णिमा आठ दिवसांवर आलेली आणि होडीचे जुने इंजीन पडवीत लाकडी घोडीवर टांगलेले.

महिन्यापूर्वी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या खडकांजवळ ते नुसतेच गुरगुरू लागले होते, पंखा फिरेना. होडीत त्याचा चौदा वर्षांचा मुलगा होता. दोघे वल्ही मारीत दोन तासांनी किनाऱ्याला लागले. तेव्हापासून वहिनींनी पोराला समुद्रावर धाडायचे बंद केले. नवे इंजीन म्हणजे नवे कर्ज, आणि जुने अजून फिटायचे होते.

होडीमागे अडकवायचे हे आउटबोर्ड इंजीन. ओले एव्हिनरूड नावाच्या, नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ च्या सुमारास अमेरिकेत असली इंजिने विकायला काढली. मूळ बेत अजून तोच आहे: वर इंजीन, मधून उभा दांडा, आणि पाण्याखाली बंद पेटीत दातेरी चाके. उभ्या दांड्याचे फिरणे ती आडवे करून पंख्याला देतात. पेटी तेलाने भरलेली. तेल बाहेर जाऊ नये आणि समुद्र आत येऊ नये, एवढीच अट. ती सांभाळायची बोटाएवढ्या जाडीच्या रबरी कड्यांनी, म्हणजे ऑइल सीलांनी.

भावाने पेटीच्या तळचा स्क्रू काढला, मग वरचा. आधी पाणी आले, मागून पांढुरके तेल.

"दादा, बघ, दुधाची चाय झाली हा!"

शहरातल्या एका कारागिराने गेल्या साली नुसते तेल बदलून, सांध्याला डिंकासारखे काहीतरी फासून पैसे घेतले होते. रोग तसाच राहिला. पंखा उतरवल्यावर तो दिसला: दांड्याभोवती तंगूस गुंडाळलेला. (तंगूस म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी. हा शब्द कोशात शोधण्यापेक्षा किनाऱ्यावर ऐकावा.) त्या दोरीने सीलाची ओठासारखी कड कापून टाकली होती.

दोन सीले पाठीला पाठ लावून बसतात. एकाचा ओठ आत, तेल धरायला. दुसऱ्याचा बाहेर, पाणी अडवायला. उलटी बसली की सगळी मेहनत वाया. जुनी सीले उचकटताना बैठकीवर ओरखडा पडू नये, म्हणून भाऊ श्वास रोखून काम करीत होता. दांड्यावर जुन्या ओठाने चरा पाडलेला. नवे सील त्याने केसभर पुढे सरकवून बसवले, म्हणजे ओठ गुळगुळीत जागी टेकेल. वर ग्रीस, आणि मापाच्या नळीवर हलके ठोके. आतली चाके सुदैवाने गंजाच्या पहिल्याच पायरीवर होती; कप्लिंगच्या दातांच्या कडा मात्र झिजल्या होत्या. इंजीन गुरगुरत होते ते त्यामुळे. तो एक भाग नवा आणावाच लागला.

मी म्हणालो, "झाले!"

"थांब," तो म्हणाला. वरच्या भोकात नळी बसवून सायकलच्या पंपाने दहा-बारा पौंड हवा भरली आणि पेटी पिंपातल्या पाण्यात बुडवली. आम्ही तिघे वाकून पाहत होतो. पंख्याकडे काही नाही. पण गिअर बदलायच्या सळईपाशी एकेक बुडबुडा निघत होता! तिथली बारीक रबरी चकती कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. डिंक फासणाऱ्यालाही हीच हवा भरायला काय हरकत होती? पण त्याला होडीत बसायचे नव्हते.

चकती बदलली. पुन्हा हवा, पुन्हा पिंप. घड्याळ लावून दहा मिनिटे पाहिले. पाणी हलले नाही. मग नव्वद नंबरचे तेल तळच्या भोकातून वर चढवले. वरून ओतले तर आत हवा कोंडते. वरच्या भोकातून बुडबुड्यांवाचून तेल आले, तेव्हा आधी वरचा स्क्रू लावला, नंतर खालचा, दोन्हींना नवे वॉशर.

पौर्णिमेनंतर आठवड्याने भावाने तळचा स्क्रू जरासा सैल केला. पाणी जड, ते आधी गळते. गळले ते तेल, स्वच्छ, मधाच्या रंगाचे. वहिनींनी बोट बुडवून उजेडात धरले, पदराला पुसले, आणि पोराला हाक मारून म्हणाल्या, "वल्ही मात्र होडीत ठेव रे!"