बुडी मारण्यापूर्वीचे भराभर श्वास

उन्हाळ्याच्या सुटीत तळीवर पोहावयास येणारी मुले बुडी मारण्यापूर्वी एक युक्ती करतात, ती आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. दहा-वीस मोठे श्वास भराभर घ्यायचे आणि मग सूर मारायचा. त्यामुळे पाण्याखाली अधिक वेळ राहता येते हे खरे. मात्र त्याचे कारण मुले समजतात ते नव्हे, आणि ही गैरसमजूत जिवावर बेतू शकते. म्हणून प्रथम श्वसनसंस्थेची थोडी ओळख करून घेऊ.

नाकातून आत आलेली हवा तेथेच गाळली जाते, ओलसर व उबदार होते आणि घसा व स्वरयंत्र यांतून श्वासनलिकेत उतरते. या नलिकेला कूर्चेच्या अर्धवर्तुळाकार कड्यांचा आधार असल्याने ती मिटत नाही. पुढे तिच्या दोन शाखा होतात. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोनच. हृदयासाठी त्याने जागा सोडलेली असते. शाखांना उपशाखा फुटत अखेर वायुकोश येतात. त्यांची संख्या सुमारे ३० कोटी किंवा त्याहूनही अधिक! एवढ्याशा छातीत सुमारे ७० चौरस मीटर पृष्ठभाग मावलेला असतो. वायुकोशांच्या अतिशय पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो आणि कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर येतो.

फुप्फुसे स्वतः हवा ओढीत नाहीत. छाती व पोट यांमधील घुमटाकार श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते आणि हवा आत शिरते. विश्रांतीच्या वेळी एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत जाते. त्यातील सुमारे १५० मिलिलिटर वायुकोशांपर्यंत पोहोचतच नाही, वाटेतील नलिकांतच राहते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. श्वास रोखून धरल्यावर जीव कासावीस होतो तो प्राणवायू संपत आला म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ही तळमळ मुख्यतः रक्तात साठत जाणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडमुळे होते. त्याने रक्ताची आम्लता वाढते, मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्रास ती जाणवते आणि ते श्वास घेण्यास भाग पाडते.

निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन साध्या श्वासानेच ९७-९८ टक्के प्राणवायूने भरलेले असते. भराभर श्वास घेऊन त्यात फारशी भर पडत नाही. घटतो तो कार्बन डाय-ऑक्साइड. म्हणजे शिधा पूर्वीइतकाच राहतो, पण धोक्याची घंटा तेवढी उशिरा वाजू लागते. ती वाजण्यापूर्वीच मेंदूला पुरणारा प्राणवायू संपला, तर पोहणारा काहीही न जाणवता बेशुद्ध होतो. पुढे शरीर आपोआप श्वास घेते आणि फुप्फुसांत पाणी जाते. काठावरच्यांना ओरड ऐकू येत नाही की हातपाय झाडलेले दिसत नाहीत. मुलगा अजून पैज जिंकतो आहे असेच त्यांना वाटते. नवख्यापेक्षा पट्टीच्या पोहणाऱ्यास हा धोका अधिक, कारण पाण्याखाली दम धरून राहण्याचा प्रयत्न तोच करतो.

काही साधक विचारतात, मग कपालभाती, भस्त्रिका यांचे काय? जमिनीवर बसून, जाणकाराकडून शिकून केलेल्या अभ्यासाविषयी येथे आमचे काही म्हणणे नाही. परंतु तो आटोपून लगेच बुडी मारण्यास जाऊ नये. पाण्यात उतरताना नेहमीचाच श्वास घ्यावा आणि बुडी मारणाऱ्यावर काठावरून कोणीतरी लक्ष ठेवावे. किती वेळ पाण्याखाली राहतो याच्या पैजा मुलांना लावू देऊ नयेत.

एखाद्यास बेशुद्धावस्थेत बाहेर काढलेच, तर पोट दाबून किंवा उलटे धरून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. श्वास चालू नसल्यास ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब देणे सुरू करावे आणि दुसऱ्या कोणास तरी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करण्यास सांगावे.