लहानगें ‘सी हॉक’

तीन आठवडे माजघराचा कोपरा अडवून आमच्या पुतण्यानें ‘सी हॉक’ या आरमारी जेट विमानाची प्रतिकृति पुरी केली. अशीं विमानें १९७१ च्या डिसेंबरांत ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून उडून चितगांव व कॉक्स बाजार येथें हल्ले करून आलीं. मूळ पंखविस्तार सुमारें ११.९ मीटर, बहात्तरांत एक या प्रमाणानें तो साडेसोळा सेंटिमीटर भरतो.

शेपटीच्या टोकास झोत बाहेर पडण्याचें तोंड नाहीं, ही वडिलांना चूक वाटली. वस्तुतः इंजिनाचा तप्त झोत दुभंगून पंखांच्या मुळाशीं दोहों बाजूंनीं निघतो, व मागें मोकळ्या झालेल्या जागेंत इंधनाची टांकी बसते.

पण चाकांवर ठेवतांच विमान शेपटीवर बसलें! नाकांत शिशाचें वजन भरावयाचें राहिलें होतें. सारा भार मागील चाकांच्याहि मागें गेला. मुलगा रडकुंडीस आला. शेपटीखालीं टेकू द्यावा, असें वहिनींनीं सुचविलें. खऱ्या विमानाला टेकू असतो काय, असें विचारून त्यानें रंगविलेला सांधा पात्यानें उकलला व आंत छर्रे चिकटविले. आतां तें तीन चाकांवर उभें राहतें. सांध्याची रेघ मात्र अद्याप दिसते. ती रविवारीं घासावयाची आहे.