कर्करोगाचे रुग्ण किती? – गणनेचे शास्त्र आणि वैद्याची नोंदवही

"वैद्यराज, आपल्या भागात कर्करोगाचे रुग्ण किती असतील हो?" हा प्रश्न चिकित्सालयात वारंवार विचारला जातो. उत्तरापूर्वी प्रश्नाचेच दोन भाग करावे लागतात. एका वर्षात किती जणांना नव्याने रोगनिदान झाले, ही झाली नवरुग्णसंख्या. निदान झालेल्यांपैकी आज किती जण हयात आहेत, ही विद्यमान रुग्णसंख्या. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १४.१ लाख नवे रुग्ण आढळले व ९.२ लाख मृत्यू झाले. मागील पाच वर्षांत निदान होऊन हयात असलेल्यांची संख्या मात्र सुमारे ३२.६ लाख होती.

या दोन संख्यांना जोडणारा दुवा म्हणजे रुग्णाचा जीवितकाल. समजा, एखाद्या जिल्ह्यात दरवर्षी १०० नवे रुग्ण आढळतात. ते सरासरी २ वर्षे जगले, तर कोणत्याही वेळी सुमारे २०० रुग्ण हयात असतील. १० वर्षे जगले, तर १०००. म्हणूनच स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे विद्यमान रुग्ण थोडे, तर स्तनाच्या कर्करोगाचे पुष्कळ दिसतात. चिकित्सा सुधारली की ही संख्या वाढते. ती वाढ अशुभच मानण्याचे कारण नाही.

या गणनेचा पाया म्हणजे कर्करोग नोंदणी. भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित नोंदणी सुरू केली. ग्रामीण भागातील पहिली नोंदणी १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली. रुग्णालये, विकृतिविज्ञान प्रयोगशाळा व मृत्युनोंदी यांचा मेळ घालून प्रत्येक रुग्ण एकदाच आणि त्याच्या निवासस्थानी मोजला जातो. खेड्यातून मुंबईस उपचारांसाठी गेलेला रुग्ण मुंबईचा ठरत नाही. जेथे नोंदणी नाही, तेथे समान प्रदेशातील दर स्थानिक लोकसंख्येच्या वय व लिंग यांनुसार लावून अंदाज बांधतात.

तथापि, ज्याचे निदानच झाले नाही, तो कोणत्याच आकड्यात येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय अहवालात पुरुषांमधील वयसमायोजित दर ऐझॉल येथे लाखामागे २६९.४, तर उस्मानाबाद-बीड येथे ३९.५ होता. असे आकडे वाचताना खरा रोगभेद किती आणि निदानसुविधांचा भेद किती, हे दोन्ही तपासावे लागते.

आता आपल्या व्यवसायाशी निगडित मुद्दा. आपल्याकडे येणारे अनेक रुग्ण शस्त्रकर्म, रसायनोपचार वा किरणोपचार यांनंतर, निदानास वर्ष-दोन वर्षे उलटल्यावर येतात. जे तोवर दगावले, ते आपल्या दारी येतच नाहीत. अशा निवडून उरलेल्या रुग्णांवरून "आमच्या औषधाने इतके जण जगले" असे म्हणणे म्हणजे छेद सोडून केवळ अंश मोजणे होय. मीही पूर्वी असा हिशेब मनाशी केला आहे; नोंदवहीत निदानाची तारीखच नव्हती, हे नंतर ध्यानात आले. औषधनिर्माते व विक्रेते बंधूंनीही स्मरणात ठेवावे, की १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात अर्बुदाबरोबरच अध्यर्बुद व द्विरर्बुद यांचा पृथक् निर्देश केला आहे. सर्वच अर्बुदे म्हणजे कर्करोग नव्हेत; परंतु पूर्वीचे कोणते व नवे कोणते, हा विवेक आपल्या परंपरेस परका नाही. आजची नोंदणीही पुनरुद्भवास नवा रोग मानत नाही.

म्हणून प्रत्येक कर्करुग्णाच्या पत्रिकेत पाच गोष्टी अवश्य लिहाव्यात : मूळ निवास, रोगाचे स्थान, निदानाची तारीख व आधार, पूर्वी झालेली चिकित्सा आणि शेवटच्या भेटीची तारीख. जो रुग्ण येईनासा झाला, त्याची चौकशी करावी. संशयास्पद गाठ, न भरणारा मुखव्रण वा अकारण रक्तस्राव दिसताच तपासणीसाठी त्वरित पाठवावे. गणनेत न आलेला रुग्ण बहुधा चिकित्सेतही उशिराच येतो.