फोडलेली पत्रं

मुलांनो, तुमच्या नावानं आलेलं पत्र तुमच्या हाती पडण्याआधीच कुणी फोडून वाचलं, तर? राग येईल ना? आणि फोडणारं खुद्द सरकारच असेल तर? धुळ्यात एका न्यायाधीशावर नेमकी हीच वेळ आली होती. साल होतं १८७९. न्यायाधीशांचं नाव महादेव गोविंद रानडे. हो, तेच आपले न्यायमूर्ती रानडे!

त्या वेळी जळगाव हा वेगळा जिल्हा नव्हता बरं का. सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा आणि त्याचं मुख्य ठाणं धुळे. पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले ते १९०६ साली. धुळ्याला रेल्वेही नव्हती. चाळीसगावहून तिथं गाडी जाऊ लागली १९०० मध्ये. म्हणजे पुण्याच्या माणसाला धुळे चांगलंच लांब. सरकारला तेच तर हवं होतं!

झालं होतं असं. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. माणसं अन्नावाचून मेली. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून असलेले वासुदेव बळवंत फडके हे पाहून पेटून उठले. १८७९ च्या सुरुवातीला त्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड पुकारलं. त्यातच मे महिन्यात पुण्यातला बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. सरकार बिथरलं. या सगळ्यामागे कुणीतरी शहाणं डोकं असणार, असा संशय त्याला आला.

रानडे सार्वजनिक सभेचे आधारस्तंभ. देश गरीब का होतोय, हे ते आकडे देऊन सांगत. त्यांची व्याख्यानं फडक्यांनीही ऐकली होती. (विद्यार्थी असतानाच एका लेखात रानड्यांनी इंग्रजी राज्यापेक्षा मराठ्यांचं राज्य बरं म्हटलं होतं, आणि त्यापायी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली होती!) तेव्हा ते नाशिकला न्यायाधीश होते, उन्हाळ्याच्या सुटीत पुण्यात आले होते. सुटी संपायच्या आतच हुकूम आला, ताबडतोब धुळ्याला जा. प्रकृतीचं कारण सांगून बदली टाळा, असं मित्र म्हणाले. रानड्यांनी ऐकलं नाही. चाकरी करतोय तोवर हुकूम पाळायचा, असं त्यांचं म्हणणं.

धुळ्यात त्यांची पत्रं उशिरा येऊ लागली, तीही फोडलेली. आणि मग काही भलतीच पत्रं आली. खाली सही वासुदेव बळवंतांची! अमुक ठिकाणी बंड होणार, असा मजकूर. फडके तर फरारी होते. मग ही पत्रं खरी, की सरकारनंच टाकलेला गळ?

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? जाळून टाकावीत, तर सरकार म्हणणार, पुरावा नाहीसा केला. जपून ठेवावीत, तर घरात बंडखोराची पत्रं सापडणार! रानड्यांनी ती पाकिटांसकट पोलिसांकडे पाठवून दिली.

तुमच्यापैकी काही जणांना हे आवडणार नाही. लहानपणी वाचलं तेव्हा मलाही नव्हतं आवडलं. फडके जिवावर उदार झालेले आणि हे पत्रं पोलिसांना देतात? पण पाहा, पत्रं आधीच वाचलेली होती. सरकारला ठाऊक नव्हतं असं त्यांत काही उरलंच नव्हतं. शिवाय रानड्यांचा मार्ग उघड होता. अर्ज, लेख, सभा, कायदा. तो मार्ग फार सावकाश जाणारा, हे मात्र खरं.

जुलै महिन्यात फडके विजापूरकडे पकडले गेले. त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात ते वारले. इकडे काही काळानं एका गोऱ्या अधिकाऱ्यानंच रानड्यांना सांगितलं, की तुमच्याबद्दलचा संशय आता फिटला. १८८१ च्या सुरुवातीला त्यांना मुंबईला मॅजिस्ट्रेट नेमलं गेलं. पुढे त्याच सरकारनं त्यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलात घेतलं आणि १८९३ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती केलं.

हे सगळं आपल्याला कळतं ते रमाबाई रानडे यांच्यामुळे. लग्न होऊन त्या अकराव्या वर्षी सासरी आल्या, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातल्या बायकांचा विरोध असूनही रानड्यांनी त्यांना रोज शिकवलं. पुढे त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक लिहिलं. ते १९१० साली छापलं गेलं. त्यात धुळ्याच्या या दिवसांची हकिगत आहे. वाचनालयात विचारून पाहा, बहुधा मिळेल.